कोरी म्हणून वगळलेली पानं

५ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. घरमालक इमारत पाडणार आणि मार्चअखेर घर सोडायचं, हे वाचलं. तीन खोल्यांचा संसार तू छापखान्यामागच्या एका खोलीत कसा बसवणार, तुलाच ठाऊक. त्यातल्या दोन खोल्या तर नुसत्या कागदांनी भरलेल्या. बाबांनी कधी एक चिठ्ठी फेकली नाही, आईने बाबांचं काही फेकलं नाही आणि तू आईचं. रोगच आहे घराण्याला.

त्या रोगावर औषध पाठवते आहे. पुढच्या आठवड्यात एक मोठा खोका येईल. त्यात स्कॅनर आहे आणि सोबत कागदाचे बारीक तुकडे करणारा श्रेडर. जोडून द्यायला एक बाई येतील, मी सगळं ठरवलं आहे. स्कॅनर त्यांच्या वायफायच्या डबीतून थेट माझ्याशी जोडलेला असेल. तू कागदांचा गठ्ठा वर ठेवायचा आणि हिरवं बटण दाबायचं. कागद एकेक करून आत जातील, दोन्ही बाजूंची चित्रं निघतील आणि इथे माझ्या कॉम्प्युटरवरच्या फोल्डरमध्ये येऊन पडतील. फोटोंसाठी पारदर्शक पाकिटं दिली आहेत, त्यात घालून सोड. बाकी सगळ्या सेटिंग मी इथून करीन. माझं रोजचं कामच ते. आमच्या इस्पितळाचं सगळं दप्तर मी असंच कॉम्प्युटरवर चढवलं. आमचा नियम सोपा आहे: स्कॅन करा, तपासा, नष्ट करा. मी तपासून कळवलं की तू मूळ कागद श्रेडरमध्ये घालायचे. मला पाठवू नकोस. माझ्याकडे जागा नाही आणि जुन्या धुळीने मला शिंका थांबत नाहीत.

आता मनातलं लिहिते. अकरा वर्षांपूर्वी मी निघाले, तेव्हा बाबा अंथरुणावर होते आणि आई जिन्याच्या तोंडाशी उभी होती. ती म्हणाली, गेलीस तर पुन्हा तोंड दाखवू नकोस. मी दाखवलं नाही. बाबा गेले तेव्हाही नाही. मग अडीच वर्षांपूर्वी तिचं उजवं अंग गेलं, वाचा गेली, आणि गेल्या पावसाळ्यात तीच गेली. ते वाक्य तिने मागे घेतलं की बरोबर नेलं, एवढं मला कळलेलं नाही. कुठल्या वहीत, पाकिटावर, चिटोऱ्यावर माझ्यासाठी तिचा एखादा शब्द असेल, तर तो मला दिसायला हवा. म्हणून एकही कागद सोडू नकोस.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि कॉम्प्युटरशी तुझं वाकडं, तेव्हा उत्तर पोस्टानेच पाठव. लोभ जसा होता तसा ठेव, जागा कमी पडली तरी.

तुझी,
भिंगरी

१७ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

यंत्र आलं. जोडायला आलेल्या बाई भल्या होत्या. त्या दोनदा ओरडून बोलल्या, मग माझ्या कानांचा नाद सोडून त्यांनी सगळं पाठकोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं. यंत्र आईची खाट होती त्या जागी, खिडकीखाली ठेवलं आहे. रंग पांढरा, आवाज म्हणे बारीक आहे. मला तो ऐकू येत नाही. मी नुसता हात ठेवते आणि आतून कागद सरकल्याचं कळतं.

तुझं मात्र छान आहे. तिकडे खुर्चीत बसून इथलं यंत्र चालवायचं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. असो, शेळी हजर आहे. पहिल्या दिवशी बाबांच्या नोकरीचे कागद घातले, मग फोटोंच्या पहिल्या अल्बममधले सहा फोटो सोडवून पाकिटांतून सोडले. चौथा अडकला होता. तो मी हळूच मागे ओढला, तुझा कान फाटता फाटता राहिला.

एक विचारायचं आहे. फोटोंच्या मागच्या बाजूंचं काय करायचं? तुला मागे लिहिलं होतं, शेवटच्या वर्षी आई सगळे अल्बम मोडून फोटो मांडीवर घेऊन बसायची आणि डाव्या हाताने पेन्सिलीने त्यांच्या मागे रेघोट्या ओढायची. डॉक्टर म्हणाले, तिची अक्षरओळख गेली, हाताला चाळा आहे तर असू दे. मी तिला पेन्सिल टोकदार करून द्यायचे आणि छापखान्याची प्रुफं वाचत बसायचे. फोटो संध्याकाळी गोळा करून पुन्हा कोपऱ्यांत अडकवून ठेवायचे, पाठ न बघता. तर त्या मागच्या बाजू ठेवायच्या की नाही? माझा धंदा पानं उलटण्याचा, म्हणून विचारते.

आईचा चष्मा सापडला, यंत्रात बसत नाही. प्रकृतीला जप. ताईची आठवण बटण दाबतानाच येते असं होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई

२८ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोटो आले. इथे मी जेवत होते आणि पडद्यावर एकामागून एक येत गेले. मी शाळेच्या गणवेशात, मी तापातून उठलेली, तू फोटोच्या कडेला अर्धी कापलेली. गंमत वाटली. तू नेहमी कडेलाच.

मागच्या बाजूंचं विचारतेस. त्या सहापैकी एकावर स्टुडिओचा जांभळा शिक्का होता आणि बाकी पाचांवर कोंबडीने अंगण उकरावं तशा करड्या रेघा. पुढे-मागे सगळंच आलं तर फोल्डर दुप्पट होईल आणि मला दर दुसरं पान हाताने काढावं लागेल. म्हणून ती पाच मी पुसून टाकली आणि इथूनच सेटिंग बदलली. आता ज्या बाजूवर अगदी पुसट काही असेल, ती यंत्र कोरी समजून आपोआप वगळेल. तू काही करायचं नाहीस. आमच्याकडे हे रोज करतात.

वेग मात्र वाढव. बारा दिवसांत चारशे पानं म्हणजे काहीच नाही. आमच्याकडची नवी मुलगी हे दुपारच्या चहापर्यंत करते. तुला तरी दुसरं काय काम आहे? नवरा नाही, मूल नाही, आता आईही नाही. तुझ्याजवळ वेळच वेळ. मला खरं तर तुझा हेवा वाटतो. घरी कुणी वाट बघणारं नसलं की माणूस किती मोकळा असतो, हे तुम्हा एकट्या माणसांना कळतच नाही.

चिडू नकोस, चिडवते आहे. आईचा माझ्यासाठी शब्द असेल तिथे आधी हात घाल, वह्या वगैरे. माया पातळ करू नकोस, वेग वाढव एवढंच.

तुझी,
भिंगरी

९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

वेग वाढवला आहे. फोटो सगळे झाले. वह्याही झाल्या. त्यात दूध, इस्त्री, कुणाला ताप, कुणाची शाळा, एवढंच. जो हरवल्याबद्दल तू मार खाल्लास, तो शाळेचा दाखला बाबांच्या जुन्या कोटाच्या अस्तरात निघाला. तेव्हा तू सांगत होतीस की तो तू हरवला नाहीस आणि कुणी ऐकलं नाही. आता तो तुझ्या फोल्डरमध्ये आहे, छातीशी धर.

माझ्या मोकळेपणाबद्दल लिहिलंस ते वाचलं. दोनदा वाचलं, सवय आहे. पहिल्या वाचनात चुका दिसतात, दुसऱ्यात अर्थ. मोकळी आहे खरी. दोन वर्षं रोज आईला कुशीवर वळवायचं, अंग पुसायचं, घास भरवायचा, त्यातून सुटले. दुरून डोंगर साजरे, तसा माझा मोकळेपणा तुला तिकडून हिरवागार दिसत असेल.

फोटोंचा गठ्ठा समोर आहे. मागच्या बाजू तुला नको आहेत, हे कळलं. तरी दुसऱ्यांदा विचारते, कारण छापायला सोडण्याआधी दोनदा विचारणं ही आमच्याकडची रीत आहे. आईने त्या रेघा ओढण्यात वर्ष घालवलं. त्या राहू द्याव्यात, असं तुला वाटत नाही ना? तू सांगशील तसं करीन.

खिडकीची तावदानं काढून नेली, पुठ्ठा लावला आहे. थंडी आत येते. इकडची काळजी नको, आपली माया शाबूत असू दे.

तुझी,
ताई

२० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोटो तपासले. सगळे उत्तम आले आहेत, रंगही मी थोडे उजळ करून घेतले. यंत्राने नोंद ठेवली आहे ती वाचून तुला शहाणं करते: कोरी म्हणून वगळलेली पानं, दोनशे अठरा. बघ, एका सेटिंगने दोनशे अठरा वेळा माझा हात वाचला. तू माणूस बसवला असतास तर त्याने प्रत्येक बाजू उलटून बघत आठवडा काढला असता.

रेघांचं तू पुन्हा काढलंस. ताई, आजारी माणसाच्या रेघोट्या साठवून मी काय करू? मला आईचे शब्द हवेत, तिचा आजार नको. तो तू बघितलास, तो तुझ्याजवळ राहू दे. तेव्हा फोटोंचा गठ्ठा श्रेडरमध्ये घाल आणि खोली मोकळी कर.

आता एक स्पष्ट विचारते. तीन हजारांवर पानं आली. दुधाचा रतीब आहे, इस्त्रीचे कपडे आहेत, तुझ्या दाढदुखीवर अर्धं पान आहे. माझ्यासाठी एक ओळ नाही. अकरा वर्षांत बाईने माझं नावसुद्धा लिहिलं नाही, हे मला पटत नाही. तू काही बाजूला काढून ठेवत नाहीस ना? लहानपणी माझी पत्रं आधी तूच फोडायचीस. आईजवळ राहिलीस म्हणजे आई तुझ्या एकटीच्या मालकीची झाली नाही. तिने ते वाक्य मागे घेतलं असेल आणि तू दाबून बसली असशील, तर हे पाप फिटणार नाही, एवढं लिहून ठेवते.

रागात लिहिलं, पण खोडत नाही. तुझा जीव माझ्यावर आहे हे मी धरूनच चालते, तो तसाच राहो.

तुझी,
भिंगरी

१ मार्च

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

मी कागद दाबलेला नाही. एकूण एक कागद आणि एकूण एक फोटो, पुढून मागून, तुझ्या यंत्रात घातला. शपथ घेऊन सांगते. यंत्राने त्याचं काय केलं, ते तुझ्या हातात होतं.

तिसऱ्यांदा आणि शेवटचं विचारते. फोटो नष्ट करायचे का? पुढची बाजू तुझ्याकडे आहे. मागची कुठेच नाही. हो किंवा नाही, असं तुझ्या हस्ताक्षरात लिहून पाठव. तोंडी सांगितलेलं मी ऐकत नाही, ते तुला ठाऊकच आहे.

बाकी क्षेम. माया आटली नाही, असं समज.

तुझी,
ताई

१० मार्च

ती. ताईस,
सा. न.

हो. हो. हो. सगळं. पुढचं, मागचं, आजूबाजूचं. सही करून देते, हवं तर अंगठाही लावते. कापायला हात धजत नसेल तर डोळे मिटून घाल, ऐकू तर तसंही येत नाही.

मायेला मात्र श्रेडरपासून लांब ठेव.

भिंगरी

२१ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी चिठ्ठी आली त्याच दिवशी फोटो घातले. फोटोचा कागद जाड असतो, एका वेळी एकच जातो. सकाळी चहानंतर बसले ते चार वाजता उठले. खाली एक पोतं भरलं. ते कचऱ्याच्या गाडीतल्या माणसाने एका हाताने उचललं.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते. आईने तुझ्यासाठी शब्द ठेवला का, असं तू जानेवारीपासून विचारते आहेस. ठेवला होता. शब्द नव्हे, शब्दच शब्द. तुझी दोनशे अठरा कोरी पानं मी फोटो हातात घेऊन मोजली. त्यातली एकशे सात खरंच कोरी होती. उरलेल्या एकशे अकरांवर आई होती. आणि पहिली पाच तू स्वतः डोळ्यांनी पाहिलीस आणि पुसलीस.

त्या रेघोट्या नव्हत्या. उजवा हात गेल्यावर तिने डाव्या हाताने लिहायला घेतलं आणि तो हात उजवीकडून डावीकडे उलटा चालला. अक्षरं आरशातल्यासारखी उलटी पडली, तीही कापरी आणि पुसट. डॉक्टरांना ती वाचता आली नाहीत. यंत्राला दिसली नाहीत. मी प्रुफं वाचायला लागण्याआधी बारा वर्षं छपाईचे शिशाचे खिळे जुळवत होते, हे तू विसरलीस. खिळ्यावरचं अक्षर उलटंच असतं. मला आरसा लागला नाही.

पहिल्यांदा तुला विचारलं तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं. माझ्या मोकळेपणाचं तुझं पत्र आलं, त्या दुपारी फोटोंचा गठ्ठा यंत्राशेजारी उपडा पडला होता. वरच्या फोटोवर नजर गेली आणि मी सरळ वाचत सुटले. वर्षभर मी तिच्या पेन्सिलीला टोक काढून देत होते आणि ती माझ्या समोर बसून बोलत होती. मी बहिरी ती बहिरीच.

काय लिहिलं होतं ते थोडं सांगते. तुझ्या निळ्या फ्रॉकच्या फोटोमागे, भिंगरी, खिसा तू मुद्दाम फाडलास, मला तेव्हाच कळलं होतं. गोवराच्या फोटोमागे, भिंगरी, तू दोन दिवस डोळे उघडले नव्हतेस. बाबांच्या फोटोमागे, भिंगरी, हे शेवटपर्यंत दाराकडे बघत होते. माझा एकटीचा असा घरात एकच फोटो आहे, छापखान्याच्या ओळखपत्राचा. त्याच्याही मागे तिने भिंगरी म्हणूनच सुरुवात केली होती. भिंगरी, थोरलीला कुणीतरी सांगा, चहा फार गोड करते.

एकशे सोळा फोटो, भिंगरी, आणि माझ्या वाट्याला तो चहा. ज्याचं जळतं त्याला कळतं. मी तिला उचललं, धुतलं, वळवलं, तिच्या तोंडातली लाळ पुसली, आणि ती माझ्या खांद्यावरून तुझ्याशी बोलत होती. तू त्या दिवशी लिहिलंस की घरी वाट बघणारं कुणी नसलं की माणूस मोकळा असतो. त्या दिवशी मला कळलं की माझी वाट बघणारं त्या घरात कधीच कुणी नव्हतं, आई जिवंत असतानाही.

तुला लगेच कळवता आलं असतं. कळवलं नाही. तुला तीनदा विचारलं, ते माझ्या मनाच्या समाधानासाठी. तू तिन्ही वेळा त्या बाजू नकोच म्हणशील हे दुसऱ्या वेळेपासून मला ठाऊक होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशी तू वह्या धुंडाळत होतीस आणि मी बटण दाबत होते. वाईट वाटलं का? वाटलं. हात थांबला नाही.

तू निघालीस त्या दिवशी मी एक फोटो काढला होता. जिन्यात तू बॅग घेऊन आणि मागे दारात आई, जरा हललेली. त्याच्या मागे ते वाक्य होतं. म्हणजे त्या वाक्याबद्दल तिचं म्हणणं होतं, एका ओळीत. तो फोटो सगळ्यात शेवटी घातला. मधल्या पात्यापाशी क्षणभर अडला, मग गेला.

परवा घर सोडते. नवा पत्ता पाकिटावर आहे. पत्र पाठवत जा, तुझी माया कमी होण्याचं काही कारण नाही.

तुझी,
ताई

२ एप्रिल

तीर्थरूप ताईस,
साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र उभ्यानेच वाचलं. चार दिवस कामावर गेले नाही. पाचव्या दिवशी गेले ती त्या पाच पानांसाठी. आमच्याकडे हरवलेल्या फायली परत काढणारा माणूस आहे, त्याच्या पुढ्यात कॉम्प्युटर ठेवला. तो म्हणाला, तुम्ही नुसतं पुसलं नाहीत, नंतर कचरापेटीही रिकामी केलीत, वर नव्या फायली लिहिल्या गेल्या. नीटनेटकेपणाने केलंत, असं म्हणाला. त्याने ते कौतुकाने म्हटलं.

आता तुझे दोनशे चोवीस फोटो रोज उघडते. सगळ्यांच्या फक्त पुढच्या बाजू. जिन्यातला फोटो मोठा करून आईच्या तोंडाकडे बघते. ती हललेली आहे, शिवाय मी रंग उजळ केले तेव्हा तिचा चेहरा आणखी पांढरा झाला. त्या पाच पानांपैकी एकावर एक मोठं वेटोळं होतं, तेवढंच आठवतं. आरशासमोर बसून डाव्या हाताने ते काढून बघते. भिंगरीतला भ असेल का गं तो?

माझं चुकलं. तुझ्या एकटेपणाबद्दल लिहिलं ते चुकलं, दाबून ठेवल्याचा आळ घेतला तो चुकला, न येणं तर सगळ्यात आधी चुकलं. मी ते सगळं मागे घेते. तू मला शिव्या दे, पुन्हा कधी पत्र पाठवू नकोस, मी तक्रार करणार नाही. तुझ्यावर काय गुदरलं ते मी कधी विचारलं नाही. आता विचारते, पण आता त्याला अर्थ नाही हेही कळतं.

बाकीची एकशे पंधरा वाक्यं तुझ्याजवळ राहू देत. तुझाच हक्क आहे, तू सोसलंस. मला फक्त ते एक सांग. आईने ते वाक्य मागे घेतलं होतं की नाही? हो किंवा नाही. तूही माझ्याकडून एवढंच मागितलं होतंस आणि मी थट्टा केली. पाया पडते, ताई. मी इथे रोज दोनदा खाली जाऊन पेटी बघते.

माया मागायला तोंड नाही. उरली असेल तेवढी दे.

तुझी,
भिंगरी

१९ एप्रिल

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. नव्या खोलीत स्थिरावले. एक खिडकी आहे, ती छापखान्याच्या मागच्या भिंतीवर उघडते. यंत्र छापखान्याला देऊन टाकलं, मालक खूश आहेत. तिथल्या मुलीला मी पहिल्याच दिवशी ती कोऱ्या पानांची सेटिंग बंद करायला लावली. चहात आता साखर घालत नाही.

बोललेलं मागे घेते, असं लिहिलंस. वाक्य मागे घेता येतं हे तुला सुचलं, याचा आनंद आहे. अकरा वर्षांपूर्वी सुचलं असतं तर आईला पेन्सिल लागली नसती.

हो किंवा नाही, एवढंच मागतेस. मी तुझ्यासारखी थट्टा करणार नाही. जिन्यातल्या फोटोमागची ओळ मला काना-मात्रेसह पाठ आहे. सोबत दोन चिठ्ठ्या ठेवल्या आहेत, दोन्ही माझ्या अक्षरात, कारण तिचं अक्षर आता कुठे नाही. एकीवर आहे, भिंगरी, रागात बोलले, मनात धरू नकोस, ये. दुसरीवर आहे, भिंगरी, बोलले ते बोलले, आता येऊ नकोस.

यातली एक ओळ आईची आहे. एक माझी आहे. तीस वर्षांच्या नोकरीत मी एक नियम मोडला नाही, मूळ प्रतीशी ताडून पाहिल्याशिवाय कुठलीही ओळ खरी धरायची नाही. तूही तसंच कर. मूळ प्रतीशी ताडून घे.

उन्हात फार फिरू नकोस. माझी माया आहे तशीच आहे, तुझीही असू दे.

तुझी,
ताई